वहिनी, तुम्ही उडता काय?

त्या माणसाला चांगलं म्हणावं की वाईट, हे मला अजून उमगलं नाही. अशा गोष्टी मी बायकोला विचारायचो. ती भाकर थापता थापता एका शब्दात निकाल द्यायची, "बरा हाय" नाहीतर "येडा हाय", आणि तो निकाल जन्मभर टिकायचा. याच्या बाबतीत ती पहिल्याच दिवशी "येडा हाय" म्हणाली, आणि मग हसली. त्या हसण्याचा अर्थ विचारायचा राहून गेला. आता ती नाही. तोही गाव सोडून गेला. उरलो मी आणि भिंतीवरचा तो फोटो. घरात येणारा प्रत्येक माणूस त्या फोटोचं विचारतो. सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहितो आहे. शाळा माझी थोडीच झाली. जमेल तसं लिहितो.

आमचं घर बीबीला, गावाच्या कडेला. पोरगा पुण्याला गेल्यापासून वरची खोली रिकामी होती. कोणीतरी सांगितलं म्हणून हा खोली पाहायला आला. उंच, वाळलेला, कॅमेऱ्याच्या वजनानं एक खांदा उतरलेला. कॅमेरा म्हणजे तोफच. मी किल्ली घेऊन जिन्यापाशी उभा. हा जिन्याकडं पाहीना. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बायकोनं तूर वाळत घातली होती आणि चिंधी बांधलेली काठी घेऊन ती होले हाकलत होती.

"हाऽऽड! हाड बे मुडद्यांनो! बापाचं हाय काय तुमच्या?"

सगळे होले एकदम उठले आणि आमच्या डोक्यावरून फडफडत गेले. हा जागच्या जागी टाचेवर फिरला. एकच होला धरून त्याची मान फिरत गेली, पार लिंबाच्या पलीकडं तो दिसेनासा होईपर्यंत. मग म्हणाला, "घेतली खोली."

"अवो, पाहून तं घ्या."

"पाह्यली."

"तुम्ही अंगण पाह्यलं."

"तेच पाहिजे मले. खोली त्याच्यासंगं येते म्हणून घेतो."

तेव्हा बायको आत येऊन म्हणाली, "येडा हाय." आणि हसली.

खामगावात त्याचा फोटो स्टुडिओ होता. तो बंद करून आला होता. पासपोर्टचे, लग्नाचे, जावळाचे फोटो काढण्यात जिंदगी गेली. एकदा ओसरीवर बसून म्हणाला, "दादा, मी उभ्या आयुष्यात लोकायले एकच गोष्ट सांगत आलो. हलू नका. मान सरळ, हनुवटी जराशी खाली, हलू नका. लोकं ऐकाचे बी. अन् फोटोत मेल्यावानी याचे. आता जे माह्यं ऐकत नाही, त्याचाच फोटो काढतो." बायको-पोरांचं विचारलं तर म्हणाला, "ते फोटोत चांगली याची." ते म्हणजे त्याची बायको. वारली की सोडून गेली, ते कळलं नाही. पुन्हा विचारलं तर तो वर पाहायला लागला. वर पाखरू नव्हतं.

उडत्या पाखराचा फोटो. बस. बसलेल्या पाखराकडं तो ढुंकूनही पाहायचा नाही. एकदा लोणारच्या तळ्यावर गेलो होतो दोघं. तिथं पाण्याच्या काठाला बगळे कसे देवळातल्या मूर्तीसारखे उभे होते. मी म्हटलं, घ्या की. तर म्हणाला, "हे तं आधार कार्डाचे फोटो झाले." उडण्याची वाट पाहत दुपार केली. मी म्हटलं दगड मारतो. तर माझा हात धरला. "तुमी उडवलं तं ते भिऊन उडन. भेलेल्या पाखराचा डोळा येगळा असते." मग माझी बायको काठी घेऊन उडवते ते कसं चालतं, असं मी विचारलं. तो म्हणाला, "वहिनीले ते भेत नाहीत." हे मात्र खरं होतं. तिची पाठ वळली की होले परत तुरीवर.

त्याचा सगळा जीव पाखराच्या डोळ्यात. "पंख हलले चालते. शेपूट गेली चालते. डोळा मोहरीच्या दाण्यावानी साफ दिसला पाहिजे. डोळा गेला म्हंजे फोटो गेला." आणि ते काही सोपं नव्हतं. पाखरू तीरासारखं येतं, कॅमेऱ्यातलं ते फोकस नावाचं जे काही असतं ते त्याच्यावर बसतं न बसतं, तोवर पाखरू डोक्यावरून पार. त्यासाठी त्याचा सराव चालायचा. सकाळी रस्त्याच्या कडेला उभा राहून वर्तमानपत्राची सुरळी डोळ्याला लावायची आणि येणारी-जाणारी मोटरसायकल सुरळीतून धरत कमरेतून फिरायचं. लोक गाडी थांबवून विचारायचे, काय झालं, मागं काही लोंबतं काय? एसटीत बसला की खिडकीतून घारीच्या मागं मान फिरवत फिरवत शेजारच्या बाईच्या भाजीच्या टोपलीत तोंड. जेवताना सुद्धा एक डोळा बारीक. बायको म्हणायची, "भाऊ, भाजी उडत नाही हो, सावकाश खा."

संध्याकाळी चहा घेऊन ओसरीवर बसायचा आणि कॅमेऱ्याच्या मागच्या काचेत दिवसाचे फोटो पाहायचा. पाहायचा म्हणजे पुसायचा. अंगठा चालूच. "गेला. गेला. हा बी गेला."

"काय मारून राह्यले भाऊ? ढेकणं?"

"चुकलेले फोटो, वहिनी. चुकलेला ठेवला तं उद्या तोच बरा वाटाले लागते."

दिवसभरातून एखादा राहायचा. बरेचदा एकही नाही. मग कप तसाच ठेवून वर निघून जायचा, घरात मयत झाल्यासारखा.

गावात त्याला लोक पाखरंवाला म्हणत. पण खामगावचा जुना फोटोग्राफर आहे म्हटल्यावर एकानं पोरीच्या लग्नाला त्याला धरलंच. हा नको नको म्हणत होता. शेवटी गेला. फोटो आले आणि त्या घरी रडारड. फोटोत अक्षता होत्या. हवेत उडालेल्या तांदळाचा दाणा न् दाणा मोजून घ्यावा असा साफ, हळद लागलेली सुद्धा दिसते, आणि मागं दोन रंगाचे दोन डाग. पोरीचा बाप अंगणात येऊन ओरडला, "अहो, याच्यात नवरदेव कोणता ते तरी सांगा!" यानं फोटो हातात घेतला, नीट पाहिला आणि म्हणाला, "ते मले काय माहीत? मी तांदूळ पाहून राह्यलो होतो." मी मध्ये पडलो नसतो तर मार खाल्ला असता. तो गेल्यावर बायको पदर तोंडाला लावून किती वेळ हसली. मग फोटो हातात घेऊन म्हणाली, "पण तांदूळ कसा दिसते पाहा ना. आपण टाकतो तवा कधी पाह्यला काय?"

तेव्हाच कधीतरी तिच्या मनात आलं असावं. एके दिवशी डोक्याला तेल लावून, नीट पदर घेऊन ती ओसरीवर आली आणि म्हणाली, "भाऊ, माहा बी एक फोटो काढा ना. लग्नातला होता तो उंदरानं खाल्ला."

तो कॅमेऱ्याची काच पुसत होता. मान वर न करता म्हणाला, "वहिनी, तुम्ही उडता काय?"

मला राग आला. तिला नाही आला, किंवा दाखवला नाही. "उडाले लागले तं सांगीन," म्हणाली आणि धापोडे उचलायला गेली. ज्वारीचे धापोडे, म्हणजे पापडच, ती वाळत घालायची खाटेवर, आणि साळुंक्या त्यावर टपलेल्या असायच्या.

आता पातळाची गोष्ट. यानं तिला सांगितलं, "वहिनी, ते फुलाफुलाचं पातळ सकाळी नेसत नका जाऊ." मी म्हटलं हा कोण सांगणारा? तर त्यानं समजावून सांगितलं. हा अंगणाच्या या टोकाला बसणार, ती त्या टोकाला होले उडवणार, होले याच्याकडं तोंड करून येणार. मागं ती उभी. तिच्या अंगावर लाल-पिवळी मोठी फुलं असली की कॅमेऱ्याचं फोकस पाखरू सोडून फुलांकडं पळतं. "लहान पोरावानी हाय ते, दादा. रंग दिसला की बोट सोडून पळते. पाखरू राहते बाजूले अन् वहिनी येतात साफ. सगळे फोटो वाया."

बायको दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "वा! अंगण माह्यं, लुगडं माह्यं, अन् बंदी बी माह्यावरच?"

दुसऱ्या दिवसापासून ती फुलाचंच नेसायला लागली. एक धुवायला पडलं की दुसरं. नातवाच्या बारशासाठी ठेवलेलं सुद्धा काढलं. संध्याकाळी याचा अंगठा चालायचा, "गेला. गेला. वहिनी, कालचं तं बरं होतं, आजचं लईच भडक हाय," आणि ती चुलीपुढून म्हणायची, "उद्या याच्याहून भडक हाय." मला मजा वाटायची. म्हातारपणी घरात अशी चिडवाचिडवी चालली की बरं वाटतं. तिला सकाळी काठी घेऊन अंगणात जायची घाई असायची, एवढं मी पाहिलं होतं. काठी वर करून ती जरा वेळ तशीच थांबायची. होले उडून गेल्यावरही. ते का, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

ती पोटाच्या दुखण्यानं गेली. दवाखाना झाला, औरंगाबादला नेलं, आणि घरी आणली ती तशीच आणली. जास्त लिहीत नाही.

तेरवीला पोरानं खामगावातून फोटो करून आणला. कशावरून केला म्हटलं तर आधार कार्डावरून. आधार कार्डाचा फोटो काढताना ती भेदरली होती, हे मला ठाऊक आहे, मी सोबत होतो. तेच भेदरलेलं तोंड मोठं करून त्याखाली निळी पैठणी, गळ्यात चपलाहार, मागं आभाळ. पैठणी तिनं कधी नेसली नाही. चपलाहार कधी पाहिला सुद्धा नसेल. लोक फुलं वाहत होते आणि मी विचार करत होतो की ही कोण बाई? पोराला म्हटलं, "बे, ही तुही माय नाही." तो म्हणाला, "बाबा, सगळेजण असाच करतात."

पाखरंवाला लांब उभा राहून फोटोकडं पाहत होता. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दादा, हे अंग मी वळखतो. हे मीच बनवलेलं हाय. खामगावात अर्ध्या बाया याच पैठणीत वारल्या."

त्या दिवशी हसू आलं की रडू, सांगता येत नाही. पण सगळे गेल्यावर डोक्यात एक लख्ख उजेड पडला. मी जिना चढून वर गेलो आणि त्याला म्हटलं, "फोटोवाले, तुमच्याजवळ ती हाय. रोज फुलाचं नेसत होती. रोज तुमचा कॅमेरा तिच्याकडं पळत होता. रोज ती साफ येत होती. तुम्हीच सांगत होते. त्यातला एक द्या मले."

तो खाटेवर बसला होता. कॅमेरा मांडीवर. म्हणाला, "पुसले."

"सगळे?"

"चुकलेले मी ठेवत नाही, दादा. तुमाले माहीत हाय."

मी जन्मात कोणावर असा ओरडलो नाही. "तिनं तोंडानं मागितला तं म्हणे उडता काय! मंग ते बिचारी काठी वर करून उभी राहाची तुह्या कॅमेऱ्यापुढं, भडक नेसून नेसून. अन् तू रोज संध्याकाळी माह्याच ओसरीवर बसून, माह्याच घरचा चहा पिऊन माह्या बायकोले पुसत होता? माह्या डोळ्यापुढं?"

"मले वाटलं वहिनी चिडवतात."

मलाही तेच वाटलं होतं. आणि आजही ठाम सांगू शकत नाही. चिडवत असेल. फोटो पाहिजे असेल. दोन्ही असेल. विचारायचं कोणाला?

त्यानंतर कितीतरी दिवस तो ओसरीवर आला नाही. मी सकाळी पाहायचो, अंगणात त्याच्या जागी बसलेला असायचा, त्या रिकाम्या टोकाकडं तोंड करून. वाळवण नाही, होले नाहीत. एकदा मला दया आली की राग आला कोण जाणे, मी पायली तूर पसरली आणि तीच काठी घेऊन उभा राहिलो. होले आले. मी हाड म्हटलं. उडाले. माझ्या अंगावर पांढरा सदरा. कॅमेऱ्याला कुठं पळायला जागाच नव्हती. संध्याकाळी तो ओसरीवर आला, मागची काच माझ्यापुढं धरली. एकेक फोटो, डोळा मोहरीसारखा. सगळेच्या सगळे साफ. अंगठा हललाच नाही.

"चांगले आले की," मी म्हटलं.

"हो."

"मंग तोंड काऊन असं?"

"मागं काहीच नाही ना दादा." एवढं बोलून वर गेला.

वर्षश्राद्धाच्या आधी तो खामगावला जाऊन आला. काखेत कागदात गुंडाळलेली फ्रेम. माझ्यापुढं ठेवली आणि बाजूला सरकून उभा राहिला, मी मारीन असं त्याला वाटलं असेल. ती होती तेव्हाचा, त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला फोटो, असं तो म्हणाला. होला समोरून येतो आहे. पंख असे पसरलेले की पीस न् पीस मोजावं. डोळा इतका साफ की त्यात आमच्या घराची चौकट दिसते, असं मला वाटलं. आणि मागं, होल्याच्या डाव्या पंखाच्या वर, लाल-पिवळा एक डाग. भिजलेल्या कागदावर रंग सांडावा तसा. डागाच्या वर एक तपकिरी टोक गेलेलं.

"ही ती," मी म्हटलं. "हात वर हाय पाहा."

त्यानं खिशातून चष्मा काढला, घातला, फ्रेमवर वाकला. हा माणूस फोटोच्या बाबतीत खोटं बोलत नाही, हीच तर पंचाईत.

"दादा, मी पक्कं नाही सांगू शकत. त्याच जागी तुमची दोरी हाय. दोरीवरचं लुगडं बी असू शकते."

"लुगडं हात वर करते काय?"

"वाऱ्यानं पदर उठते."

मी पाहत राहिलो. डाग पाहिला तर ती दिसायची. जास्त पाहिला तर लुगडं दिसायचं. पुन्हा पाहिला तर ती, कंबरेत जरा वाकलेली, तोंडात शिवी. पुन्हा लुगडं. आणि मग माझी नजर होल्यावर गेली.

"फोटोवाले, मंग हे पाखरू उडवलं कोणं?"

तो माझ्याकडं पाहायला लागला.

"दोरीवरचं लुगडं हाड म्हणन काय? हे तुरीवर बसलेलं होतं. हे उठलं अन् तुमच्याकडं आलं. कोणं उठवलं याले?"

तो पुन्हा होल्यावर वाकला. मग चष्मा काढला, सदऱ्याला पुसला आणि म्हणाला, "बरोबर."

होले मांजरीला पाहून पण उडतात. कोणाचं दार वाजलं तरी उडतात. काही नसलं तरी उडतात, पाखराची जात आहे. हे त्याला माझ्यापेक्षा शंभरपट ठाऊक होतं. तरी तो बरोबर म्हणाला.

पोरगा वर्षश्राद्धाला आला आणि कपाळाला हात लावून बसला. "बाबा, लोक काय म्हणतील? पाखराला हार?" पैठणीवाली मी त्याला देऊन टाकली. ती त्याच्या पुण्याच्या घरात आहे. सुनेला आवडते.

पाखरंवाला त्यानंतर गेला. कुठं चालले म्हटलं तर रोहिणखेडकडं हात केला. तिकडं एका घरी मोठं अंगण आहे आणि बाई दिवसभर काहीतरी वाळत घालते, असं त्याला कोणी सांगितलं होतं. जाताना फाटकापाशी थांबला. मला वाटलं माफी मागतो. तर म्हणाला, "तिथल्या बाईले पातळाचं काही सांगणार नाही." आणि गेला. फोन लावला तर लागत नाही. आता तुम्हीच सांगा, याला चांगलं म्हणायचं की वाईट?

फोटो समोरच्या भिंतीवर आहे. माणसं येतात, चप्पल काढतात, पाहतात आणि विचारतात, पाखराला हार काऊन घातला? ती सवाष्ण गेली, म्हणून मी रोज काचेला कुंकू लावतो. डागात कपाळ कुठं आहे ते नक्की समजत नाही. अंदाजानं बोट टेकवतो. काल लावलेलं आज पाहिलं तर चुकलेलं वाटतं, मग पुसून जरा वर लावतो, परवा जरा डावीकडं. पोरगा म्हणतो एक जागा ठरवून घ्या. ठरवली असती. पण ती जिवंत असताना एका जागी कधी उभी राहिली होती?